कोरड्या मुलखातले कॅमेरे

मुंबईच्या बाजारात जुनी लेन्स हातात आली की जाणकार माणूस आधी ती उजेडाकडे धरतो. तो काचेतली बुरशी शोधत असतो. भिंगांच्या आतल्या बाजूला बारीक पांढरे धागे पसरलेले दिसले की लेन्स परत खाली ठेवली जाते, मग तिच्यावर कोणत्याही नामांकित जर्मन किंवा जपानी कारखान्याचं नाव असो. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि समुद्राची दमट हवा असताना चामड्याच्या बंद पेटीत ठेवलेल्या लेन्सचं दुसरं काय होणार!

जालन्यात एवढ्या परीक्षेने भागत नाही. इथे वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर, आणि पावसाळ्याचे चार महिने सोडले तर हवा कोरडी. बुरशी धरायला हवेतला ओलावा साधारण पासष्ट-सत्तर टक्क्यांच्या वर बराच काळ टिकावा लागतो. तो इथे वर्षातला मोठा काळ नसतोच. म्हणून परतूर, अंबड किंवा भोकरदनमधल्या एखाद्या बंद पडलेल्या स्टुडिओच्या कपाटातून निघालेल्या लेन्सची काच पुष्कळदा स्वच्छ असते. फोकसची रिंग मात्र जागची हलत नाही, आणि ॲपर्चरच्या पात्यांवर तेल चमकत असतं.

हे काम उन्हाळ्याचं. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो, पत्र्याच्या छताखालची खोली त्याहून तापते. लेन्सच्या आट्यांमध्ये भरलेलं ग्रीस म्हणजे तेल आणि त्याला धरून ठेवणारा धातूचा साबण. वर्षानुवर्षं तापून त्यातलं तेल सुटतं आणि ओघळत पात्यांवर येतं. आट्यांत उरतो तो वाळलेला चिकट गाळ. बघणाऱ्याला वाटतं, कॅमेरा मेला. प्रत्यक्षात बिघडलेलं असतं ते फक्त वंगण, आणि वंगण बदलता येतं. बुरशीच्या आम्लाने खाल्लेली काच मात्र कोणालाच पूर्ववत करता येत नाही. या एका कारणासाठी मराठवाड्यातला जुना कॅमेरा भंगारात घालण्याआधी उघडून पाहावा, असं मला आग्रहाने सांगायचं आहे.

या मुलखात कॅमेरा आला तोच उन्हाशी झगडत. भोकरदन तालुक्याच्या शिवेपलीकडे अजिंठा आहे. मद्रास सैन्यातला अधिकारी रॉबर्ट गिल याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवण्याच्या कामावर नेमलं गेलं, आणि पुढे त्याने रंगांच्या जोडीला कॅमेराही हाती घेतला. त्या काळाची पद्धत ओल्या काचेची होती. काचेवर कलोडियन ओतायचं, ती चांदीच्या क्षारात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत अंधाऱ्या तंबूत धुवायची. विलायतेतल्या थंड हवेत या सगळ्याला जरा सवड मिळे. दख्खनच्या उन्हात काच बघता बघता वाळते. तरीही १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या लेखनासह लेण्यांवरचं जे पुस्तक लंडनमध्ये निघालं, त्यात गिलचे चौऱ्याहत्तर फोटो होते. दोन वर्षांनी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेली त्याची रंगवलेली चित्रं जळाली. फोटो उरले.

त्यानंतरचं मोठं नाव राजा दीनदयाळ यांचं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार. जालना तेव्हा निजामाच्याच राज्यात होतं. दरबार, शिकारी, राजवाडे आणि वेरूळची लेणीही त्यांच्या कॅमेऱ्यात आली. पण दरबारापासून तालुक्याच्या गावापर्यंत कॅमेरा यायला पुढे बरीच दशकं गेली, आणि आज आपल्या कपाटांत जे सापडतं ते या शेवटच्या टप्प्यातलं आहे.

स्टुडिओतून निघणारा कॅमेरा पुष्कळदा यशिका मॅट १२४ जी असतो. १९७० ते १९८६ या काळात जपानमध्ये बनलेला, एकावर एक दोन लेन्स असलेला, छातीशी धरून वरून वाकून बघायचा. वरच्या लेन्समधून आलेलं चित्र आरशावरून घासलेल्या काचेवर पडतं, खालची लेन्स फिल्मसाठी. त्यात १२० चा रोल बसतो आणि सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघतात. फक्त बारा! लग्नात अंतरपाट दूर होण्याच्या क्षणी रोल संपलेला असला तर भटजी थांबत नाहीत, म्हणून मंगलाष्टकं चालू असताना फ्रेम मोजून राखून ठेवणं हे त्या काळच्या छायाचित्रकाराचं खरं कसब होतं.

घरातल्या ट्रंकेतून निघतो तो आग्फा क्लिक थ्री, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला प्लॅस्टिकचा साधा कॅमेरा. त्यातही १२० चाच रोल आणि बाराच फोटो. फोकस करायची सोय नाही, शटरचा वेग जवळजवळ ठरलेला. बाजारात त्याला फारशी किंमत नाही. आपल्याकडच्या असंख्य कुटुंबांचे सहलीचे, बारशाचे, अंगणातले फोटो याच कॅमेऱ्याने काढले आहेत, आणि माझ्या दृष्टीने संग्रहात पहिली जागा त्याची आहे. हौशी माणसांकडे रशियन झेनिट, यशिका एफएक्स ३, पेंटॅक्स के १०००, क्वचित निकॉन एफएम २ सापडतो. यांतला पेंटॅक्स १९७६ ते १९९७ अशी एकवीस वर्षं बनत राहिला. त्याला सेल लागतो तो फक्त प्रकाश मोजायला. शटर पूर्णपणे स्प्रिंगवर चालतं. सेल नसला तरी फोटो निघतो, हा या जातीच्या सगळ्या कॅमेऱ्यांचा मोठा गुण.

कॅमेरा विकत घ्यायचा असो की मामांच्या कपाटातून मिळालेला असो, तपासणी शटरपासून सुरू करावी. त्यासाठी शटर आतून समजून घ्यायला हवं.

यशिका मॅटमध्ये पातळ पोलादी पात्यांचं शटर लेन्सच्या मधोमध बसवलेलं असतं. एक पाचशेअंश सेकंदाचा वेग हवा असेल तेव्हा ताणलेली स्प्रिंग पाती उघडते आणि लगेच बंद करते. पण एक सेकंद किंवा अर्धा सेकंद हवा असेल तर स्प्रिंगला कोणीतरी अडवून धरावं लागतं. हे अडवण्याचं काम करते दातेरी चाकांची एक छोटी साखळी. तिच्या शेवटच्या चाकावर एक इवलासा तुकडा डावीकडे-उजवीकडे डोलतो आणि एका वेळी एकच दाता पुढे सोडतो. कॅमेरा एक सेकंदावर लावून चाप दाबला की जी घरघर ऐकू येते ती या चाकांची. घड्याळाच्या यंत्रातही दात्यांना अडवत सोडणारा असाच तुकडा असतो. घड्याळात त्याच्या डोलण्याला केसासारख्या स्प्रिंगची शिस्त असते. शटरमध्ये ती नसते, तुकड्याच्या स्वतःच्या वजनावरच वेळ ठरते. त्यामुळे वंगण जरासं घट्ट झालं तरी हिशोब चुकतो. एका सेकंदाचे तीन सेकंद होतात, किंवा पाती उघडून तशीच राहतात.

म्हणून रिकाम्या कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडावं, शटर चढवावं आणि एक सेकंदापासून वर प्रत्येक वेग चालवून बघावा. घरघर एकसारखी हवी, मध्येच अडखळायला नको. आता तर प्रत्येकाच्या खिशात मोजमापाचं साधन आहे. मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रं घेणारं संथ चित्रण असेल तर कॅमेऱ्यामागे पांढरा उजेड ठेवून शटर चित्रित करावं. एक तीसअंश सेकंदाला पाती साधारण आठ चित्रांत उघडी दिसायला हवीत, एक अष्टमांश सेकंदाला तीस. वरच्या वेगांसाठी ही रीत पुरत नाही, पण तिथे गडबड सहसा कमी असते, कारण त्या वेगांना दातेरी चाकांची गरजच पडत नाही. सेल्फ टायमरची दांडी मात्र पहिल्या दिवशी अजिबात दाबू नये. वर्षानुवर्षं न वापरलेली ती चाकं मध्येच अडकली की चांगलं चालणारं शटरही बंद पडतं.

शटर अडकलेलं निघालं तर कॅमेरा मुंबईला पाठवण्याआधी गावातल्या घड्याळजींना दाखवावा. मोबाइलच्या जमान्यातही बाजारपेठेत डोळ्याला भिंग लावून बसणारे काही जण आहेत. चिमटा, ब्रश, पांढरं पेट्रोल आणि स्थिर हात हे सगळं त्यांच्याकडे आधीच असतं. शटर कॅमेऱ्याचं आहे म्हणून ते कचरतात. त्यांना दातेरी चाकांचा तो संच दाखवला की काम ओळखीचं वाटतं. त्यांना दोनच गोष्टी आवर्जून सांगाव्यात. शटरच्या पात्यांना तेलाचा थेंबही लावायचा नाही, ती कोरडीच चालतात. आणि चाकांच्या आसांना लावलंच तर सुईच्या टोकावर मावेल इतकं घड्याळाचं तेल. शिलाई मशीनचं तेल ओतून मोकळं केलेलं शटर आठवडाभर छान चालतं, मग धूळ धरून पहिल्यापेक्षा वाईट अडकतं. पेट्रोलशी काम करताना खिडक्या उघड्या आणि जवळपास ज्योत नको, हे घड्याळजींना माहीत असतं. घरी करणाऱ्याने लक्षात ठेवावं.

घरी करण्यासारखंही पुष्कळ आहे. जपानी कॅमेऱ्यांचे फुलीचे स्क्रू नेहमीच्या फिलिप्स पेचकसाला नीट बसत नाहीत, कारण जपानी मापाची फुली वेगळी असते. चुकीचा पेचकस घसरतो आणि स्क्रूचं डोकं कायमचं खराब करतो. जपानी मापाचे पेचकस ऑनलाइन मिळतात आणि पहिला खर्च त्यावरच करावा. लेन्सच्या आट्या सोडवताना त्या नेमक्या कुठे सुटल्या तिथे खूण करून ठेवावी. या आट्यांना बहुधा अनेक सुरुवाती असतात. चुकीच्या सुरुवातीतून परत बसवल्या तर लेन्स फिरते, पण दूरवरचं काहीच स्पष्ट दिसत नाही. मागच्या झाकणाच्या खाचेतला काळा स्पंज इथल्या उन्हात डांबर होऊन बसलेला असतो. तो स्पिरिट आणि दात कोरायच्या काडीने खरवडून काढून तिथे काळी लोकर बसवली तरी उजेड अडतो. एफएक्स ३ चं वरचं आवरण तर ठरल्यासारखं झडतं. त्याच्या जागी पातळ चामडं कापून चिकटवलेले कॅमेरे मूळच्यापेक्षा देखणे दिसतात.

यशिका मॅटच्या प्रकाशमापकाला पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल लागायचा. तो आता बनत नाही. श्रवणयंत्राच्या दुकानात मिळणारा ६७५ क्रमांकाचा सेल साधारण १.४ व्होल्ट देतो आणि व्यास लहान असल्याने भोवती एक कडी घातली की बसतो.

एका बाबतीत इथलं ऊन औषधाचं काम करतं. पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार ५० मिलिमीटर, एफ १.४ या लेन्सच्या काचेत थोरियम वापरलं होतं. त्याच्या सौम्य किरणोत्सर्गाने काच वर्षानुवर्षांत पिवळी पडते. उन्हातल्या अतिनील किरणांनी हा पिवळेपणा काही दिवसांत उतरतो. लेन्स सकाळच्या कोवळ्या उन्हात ठेवावी, मागे ॲल्युमिनियमची फॉइल लावावी आणि तिला एकटी सोडून जाऊ नये. ती शेवटी भिंगच आहे, मागे कागद किंवा कापूस असला तर पेट घेईल. याच कारणाने आरसा नसलेल्या जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याची लेन्स उन्हाकडे उघडी ठेवू नये, कापडी शटरला भोक पडतं.

जालन्याची आणखी एक जमेची बाजू म्हणजे लेथ. पोलादाच्या कारखान्यांभोवती इथे लहान वर्कशॉप उभी राहिली आहेत, आणि टर्नरला मापं दिली की लेन्सची हरवलेली कडी किंवा जोडकडी तो करून देऊ शकतो. झेनिट आणि जुन्या पेंटॅक्सच्या लेन्सच्या आट्यांचा व्यास ४२ मिलिमीटर आणि अंतर एक मिलिमीटर. दिसायला अगदी तशीच, पण पाऊण मिलिमीटर अंतराच्या आट्यांची दुसरी एक जात आहे. ती एक फेरा बसते आणि मग आटे मारते. झेनिट-पेंटॅक्सची लेन्स फिल्मपासून ४५.४६ मिलिमीटरवर बसवायची असते. आजच्या आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांत हे अंतर वीस मिलिमीटरच्या आतबाहेर असतं, म्हणून मधली जागा भरणारी कडी घातली की झेनिटची हेलिओस लेन्स नव्या कॅमेऱ्यावर छान चालते. उलट करता येत नाही.

लेथवर कॅमेऱ्याचं काम करणं हे महाराष्ट्राला नवं नाही. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचं मनावर घेतलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साथीने कॅमेरा पूर्ण केला, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. जुन्या कॅमेऱ्याची एक कडी करून द्यायला कचरणाऱ्या टर्नरला ही गोष्ट जरूर सांगावी.

दुरुस्त झालेला कॅमेरा काचेच्या कपाटात गेला की वंगण पुन्हा बसायला लागतं. मुंबईच्या दिलीश पारेख यांनी १९७७ पासून जमवलेल्या ४,४२५ जुन्या कॅमेऱ्यांची नोंद गिनेस बुकात झाली. अशा संग्रहाचं मोल निराळं. घरातल्या माणसाने मात्र जितके चालवता येतील तितकेच ठेवावेत. महिन्यातून एकदा प्रत्येक वेगावर शटर चालवावं, फोकस टोकापासून टोकापर्यंत फिरवावा, आणि अधूनमधून रोल टाकावा.

रोल आता स्वस्त नाहीत. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ हा देशी रोल इतिहासजमा झाला, बाहेरून येणाऱ्यांवरच भागवावं लागतं. म्हणून फ्रेम वाया न जाऊ देणं महत्त्वाचं, आणि त्यासाठी मराठवाड्याचं ऊन फार भरवशाचं आहे. निरभ्र उन्हात ॲपर्चर एफ १६ आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओइतका: १०० च्या फिल्मला एक सव्वाशेअंश, ४०० च्या फिल्मला एक पाचशेअंश. ऑक्टोबरपासून मेपर्यंत प्रकाशमापक नसला तरी हे सूत्र चुकत नाही. वेचणीला आलेल्या पांढऱ्याशुभ्र कापसाच्या शेतात एक घर कमी करून एफ २२ करावं. मोसंबीच्या बागेतल्या सावलीत तीन घरं उघडून एफ ५.६.

कृष्णधवल रोल घरी धुता येतो, आणि इथे खरी अडचण पाण्याची. रसायनं २० अंशांवर काम करतील असं धरून वेळा ठरवलेल्या असतात. एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी तिशीच्या वर असतं. अशा वेळी माठ उपयोगी पडतो. हवा कोरडी असल्याने माठातलं पाणी इथे चांगलं गार होतं, आणि बर्फाचे दोन-चार खडे बाहेरच्या भांड्यात टाकले की डेव्हलपर २०-२२ अंशांवर आणता येतो. एचपी ५ फिल्मला मूळ ताकदीच्या डी ७६ डेव्हलपरमध्ये २० अंशांला साडेसात मिनिटं लागतात, २४ अंशांला साधारण साडेपाच. पाच मिनिटांच्या खाली जाऊ नये, फिल्म एकसारखी धुतली जात नाही.

हायपोनंतर, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनातून काढल्यावर, फिल्म वाहत्या नळाखाली धरायची जुनी सवय मात्र सोडावी. २०१३ च्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढलेल्या शहरात ती शोभत नाही, आणि गरजही नाही. इल्फर्ड कंपनीनेच सांगितलेली रीत अशी: टाकी पाण्याने भरून पाच वेळा उलटी-सुलटी करा, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा. १२० च्या रोलला सगळं मिळून दीड लिटर पाणी लागतं. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग टाळायला शेवटची बुडी डिस्टिल्ड पाण्यात द्यावी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं म्हणून ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

कॅमेऱ्यांच्या शोधात स्टुडिओवाल्यांकडे गेलात तर निगेटिव्हबद्दलही विचारा. कॅमेरा कारखान्यात हजारोंनी बनला. गावातल्या माणसांच्या निगेटिव्ह एकेकच आहेत, आणि त्या आधी फेकल्या जातात. फिल्मचा पाया बहुधा सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. उष्णतेत तो कुजतो आणि त्यातून व्हिनेगरचा वास यायला लागतो. एकदा हा वास सुरू झाला की शेजारच्या फिल्मलाही बाधा होते, म्हणून अशा पट्ट्या लगेच वेगळ्या कराव्यात आणि आधी त्यांचेच डिजिटल फोटो काढून घ्यावेत. बाकीच्या घट्ट झाकणाच्या डब्यातून काढून कागदी पाकिटांत घालाव्यात, माळ्यावरून खालच्या मजल्यावरच्या गार खोलीत आणाव्यात. काचेच्या प्लेट असल्या तर एकावर एक न रचता कडेवर उभ्या ठेवाव्यात. आणि स्टुडिओवाले काका समोर आहेत तोवर त्यांना विचारून प्रत्येक पाकिटावर, आत काही घालण्याआधी, पेन्सिलीने लिहावं: कोण, कुठल्या गावचे, साधारण कोणत्या साली.